शिपायाची जागा आणि लपवलेली पदवी

निकाल लागले की कोऱ्हाळे बुद्रुक परिसरातील मुले प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स घेऊन आमच्याकडे येतात. आम्ही बँकेत लिपिक, म्हणून प्रश्न ठरलेला : "काका, शिपायाची जागा निघाली का?"

फारसे शिक्षण न मागणारी कामे आपल्या भागात आहेत. सोमेश्वर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की गव्हाणीपाशी, गोदामात, पोती शिवायला हंगामी माणसे लागतात. बारामती एमआयडीसीत मदतनीस, पॅकिंगवाले, पहारेकरी लागतात. ही कामे हलकी म्हणून नाक मुरडणारे आमचे काही पदवीधर बंधू वर्षानुवर्षे घरीच बसून आहेत, हेही सांगितले पाहिजे.

आपल्या आजोबांच्या वाट्याला आलेली महारकीसुद्धा शिक्षण मागत नव्हती. निरोप पोहोचवणे, सरकारी कामासाठी धावणे, मेलेले जनावर ओढणे. जन्म हीच पात्रता. कामाला वेळ नाही, मोबदला बलुत्याचा आणि सुटका नाही. डॉ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतने प्रत्यक्षात खालसा झाली ती १९५८ च्या कायद्याने. म्हणून कोणतेही काम धरताना आम्ही एवढेच पाहतो, की यातून वर जायला वाट आहे काय?

बँकेतील शिपायाच्या जागेला ती वाट आहे. ठरावीक सेवेनंतर परीक्षा देऊन लिपिक होता येते. आमच्याबरोबर चहाचे कप उचलणारे एक गृहस्थ पुढे शेजारच्याच काउंटरवर बसले. मात्र या जागेला अनेक बँकांत शिक्षणाची वरची मर्यादाही असते आणि आमची मुले नेमकी तिथे फसतात. पंजाब नॅशनल बँकेच्या २०१६ मधील शिपाई भरतीत अट होती : बारावी उत्तीर्ण, पण पदवीधर नको. ओडिशातील एका उमेदवाराने पदवी लपवून अर्ज केला, त्याची निवडही झाली. पुढे पदवी उघडकीस आली आणि त्याला रुजू करून घेतले नाही. उच्च न्यायालयात तो जिंकला. पण ३ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या बाजूने निकाल दिला : माहिती दडवणाऱ्याला नोकरीवर हक्क सांगता येत नाही. पोटासाठी दडवली, हे आम्हाला कळते. न्यायालयात ते चालले नाही.

केंद्र सरकारात तर सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ पासून, गट 'ड' राहिलाच नाही. शिपायाच्या नव्या भरतीला किमान दहावी लागते. म्हणजे आठवीत शाळा सोडणाऱ्याला ते दार बंद. दहावी नापास मुलाने आधी तेवढे विषय काढावेत.

कंत्राटदाराकडे लागणाऱ्यांनी पहिल्याच महिन्यात भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक मागून घ्यावा. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला हा कायदा लागू होतो. आपल्या मूळ पगार व महागाई भत्त्यातून सर्वसाधारणपणे बारा टक्के कापले जातात, तेवढेच मालकाने घालायचे असतात. पगारातून कापलेले खात्यात जमा झाले की नाही, हे मोबाईलवर दिसते. ते पाहण्यास लाजू नये.

गेल्या वर्षी वस्तीतला एक मुलगा शिपायाचा फॉर्म घेऊन आला. बी.ए. झालेला. "तो रकाना कोरा ठेवू का?" त्याने खालच्या आवाजात विचारले. आम्हीही कलाशाखेचेच पदवीधर. तो फॉर्म बाजूला ठेवून लिपिक पदाचा, कोणत्याही शाखेच्या पदवीवर चालणारा, आमच्याच घरी भरून घेतला. पूर्वपरीक्षेत तो तीन गुणांनी मागे राहिला. सध्या एमआयडीसीत रात्रपाळी करतो आणि दुपारी आमच्याकडे गणिते सोडवायला येतो.