दमानं चालणारा आजार (भाग १४) : वारीत न्यायचा कागद

या आठवड्यात गुणसूत्रांच्या तपासणीकडे वळायचं ठरलं होतं. ते पुढं ढकलतो आहे, कारण फोंडशिरसहून एका मुलाचा फोन आला आणि त्याच्या प्रश्नाला थांबायला वेळ नाही. त्याच्या वडिलांना फाल्गुनात सीएलएल, म्हणजे दमानं चालणारा ब्लड कॅन्सर, निघाला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी अडतीस हजार. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषध नको, तीन महिन्यांनी दाखवा. वडील ऐन तिशीपासून माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पायी चालत आलेले. यंदा घरचे म्हणतात, राहू द्या. दिंडीतलेही चाचरत म्हणाले, ब्लड कॅन्सरचा माणूस वाटेत सांभाळायचा कसा? मुलानं मला विचारलं, ‘सर, पाठवू का नको?’

पाठव. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट बघून हरकत नाही म्हटलं असेल, तर खुशाल पाठव. मात्र सोबत काय द्यायचं ते नीट ऐक.

आधी घरच्यांची भीती. ‘चालून चालून आजार वाढला तर?’ चालण्यानं सीएलएल वाढत नाही. उन्हानं नाही, उपवासानं नाही, जागरणानंही नाही. उपचार कधी सुरू करायचे याचे निकष आपण मागं पाहिलेत. हिमोग्लोबिन दहाच्या खाली घसरणं, प्लेटलेट लाखाच्या खाली जाणं, पानथरी बरगडीखाली सहा सेंटिमीटर उतरणं, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी सहा महिन्यांच्या आत दुप्पट होणं, सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरणं, ही त्यातली ठळक. नुसता पांढऱ्या पेशींचा मोठा आकडा हे त्यातलं एकही नाही. आणि ‘मग आत्ताच औषध का देत नाहीत’ याचंही उत्तर जुनं आहे. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी सुरुवातीच्या पायरीवरचे रुग्ण घेतले, काहींना लगेच क्लोरॅम्ब्युसिल दिलं, काहींना नुसतं देखरेखीखाली ठेवलं. १९९८ साली निकाल छापून आला : लगेच औषध घेणारे जास्त जगले नाहीत. त्यांच्या पहिल्या चाचणीत औषधाविना ठेवलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना अकरा वर्षांहून अधिक काळ औषधाची गरजच पडली नव्हती. पुढं नवी, कितीतरी चांगली औषधं आली, तेव्हा जर्मनांनी इब्रुटिनिब घेऊन हाच प्रश्न पुन्हा विचारला. आजार पुढं सरकायला वेळ लागला खरा, पण आयुष्य वाढल्याचं त्यातही दिसलं नाही. थांबायचं की नाही हे ठरवताना आजाराच्या ज्या पायऱ्या बघतात, त्या १९७५ मध्ये बांधून दिल्या आपल्या जोधपूरच्या कांती राय यांनी. पन्नास वर्षं झाली, जगभरचे डॉक्टर अजून त्याच पायऱ्या विचारतात. म्हणून कुणी ‘नुसतं बघत बसलेत’ म्हणालं की मला राग येतो. बघणं हाच इथला उपचार आहे.

आता खरा धोका. वाढतो तो लिम्फोसाइट कामाचा नसतो. अडतीस हजार शिपाई फौजेत, पण बंदूक चालवता येत नाही, अशी गत. रक्तातली प्रतिकारक प्रथिनं हळूहळू कमी होतात. त्यामुळे या माणसाला वारीत जपायचं ते जंतूंपासून.

धर्मपुरीला पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम आमच्या नातेपुत्याचा. त्या दिवशी गावात टँकरमागून टँकर येतात. आरोग्य खात्याची माणसं विहिरींत टीसीएल पावडर टाकतात आणि ओटी टेस्ट करत फिरतात. छोट्या नळीत पाणी, त्यात दोन थेंब, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. आमच्या दारात ही टेस्ट होते तेव्हा मी मुद्दाम नळी उजेडात धरून बघतो आणि शेजारच्या पोरांनाही दाखवतो. पाहुण्यानंही विचारावं, लाजू नये. जिथं कुणी टेस्ट केलेली नाही, तिथं उकळलेलं पाणी प्यावं किंवा स्वतःच्या बाटलीत मेडिक्लोरचे थेंब टाकून अर्धा तास थांबावं. उसाचा रस, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेलं कलिंगड हे सोडून द्यावं. गरम झुणका-भाकरीला कसलीही अडचण नाही.

लसींचं थोडक्यात. फ्लूची लस पावसाळ्याआधी घ्यावी, कारण आपल्याकडं फ्लू पावसाबरोबर येतो. न्यूमोनियाची घ्यावी. नागिणीची नवी लस जिवंत विषाणूची नाही, ती चालते; महाग आहे, दोन डोस लागतात. लसींचा परिणाम आपल्या सीएलएलवाल्यांना इतरांपेक्षा कमी होतो, पण उपचार सुरू झाल्यावर तो आणखी घटतो. घ्यायच्या त्या या देखरेखीच्या काळातच.

डासांबद्दल फार कुणी सांगत नाही. सीएलएलच्या काही रुग्णांना साध्या डासाच्या चाव्यानं मोठमोठे लाल फोड येतात, कधी पाणी भरतं. माझ्या पोटऱ्यांवर दर आषाढात हे होतं. बघणारा घाबरतो आणि कांजिण्या समजतो. राहुटीत निजताना मच्छरदाणी किंवा मलम हवंच, एवढं वारकऱ्याच्या पिशवीत मावतं.

आणि आता कागद. त्याच्यासाठीच हा भाग लिहायला बसलो.

काही वर्षांपूर्वी आमच्या पडवीत उतरलेल्या एका वारकरीबुवांना संध्याकाळी ताप भरला. रक्त तपासलं. लॅबवाला पोरगा पळत आला, म्हणाला पांढऱ्या पेशी बावन्न हजार, मशीन दोनदा चालवलं. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांसमोर दोनच शक्यता : अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग, नाहीतर नव्यानं झालेला तीव्र ब्लड कॅन्सर. दोन्हींत रात्रीच रुग्ण हलवायला हवा. बुवा सांगत होते, ‘माझं असंच असतं’, पण किती असतं ते त्यांना सांगता येईना. गावाकडं फोन लावला, सुनेनं अंधारात फाइल शोधली, आकडे वाचून दाखवले. सहा महिन्यांपूर्वी पन्नास हजार होते! म्हणजे बावन्न हा बुवांचा रोजचाच आकडा. मग बाकीचा विचार शांतपणे झाला, छाती तपासली, औषध सुरू झालं. रात्रीचा एक वाजला होता.

इतर माणसाचा ‘नॉर्मल’ रिपोर्टच्या उजव्या रकान्यात छापलेला असतो. आपला नसतो. तो आपण खिशात न्यायचा. माझ्या कागदावर असं आहे :

‘मला सीएलएल (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया) आहे. उपचार चालू नाहीत, नियमित देखरेख आहे. पांढऱ्या पेशी नेहमी एवढ्या ते एवढ्या. त्यांतले न्यूट्रोफिल प्रत्यक्ष संख्येत एवढे. हिमोग्लोबिन एवढं, प्लेटलेट एवढे. पानथरी लागते किंवा लागत नाही. जिवंत विषाणूची लस देऊ नये. माझ्या डॉक्टरांचा फोन हा.’ खाली शेवटच्या चार तपासण्या तारखांसह, एकीखाली एक.

न्यूट्रोफिल टक्क्यांत लिहू नका. आपल्याकडं लिम्फोसाइटच इतके असतात की टक्केवारी दहा-पंधरा दिसते आणि वाचणारा दचकतो. संख्या मोजली तर ती पुरेशी असते. चार तपासण्या हव्यात, एक नको, कारण डॉक्टरांना एका आकड्यापेक्षा त्याचा चढउतार जास्त सांगतो. डेंगीचा संशय आला तर प्लेटलेट किती उतरले हे तुमच्या स्वतःच्या नेहमीच्या आकड्याशी ताडून बघता येतं. कागदाच्या दोन प्रती करा. एक प्लास्टिकच्या पाकिटात घालून कोपरीच्या खिशात, दुसरी दिंडीतल्या जोडीदाराकडं. मोबाइलमध्ये फोटो ठेवा, पण चार्जिंगच्या रांगेत तासन्‌तास अडकलेला मोबाइल वेळेला हाताशी नसतो.

ताप १००.४च्या वर गेला की पॅरासिटामॉल खाऊन चालत राहू नये. आधी तो आकडा कागदाच्या मागं वेळेसह टिपून ठेवावा आणि वैद्यकीय पथक गाठावं. पालखीच्या वाटेवर ते शोधावं लागत नाही.

माणसाच्या प्रवासाबरोबर रक्ताच्या नमुन्याचाही प्रवास असतो, त्याच्याविषयी मला फार ओढ आहे. जांभळ्या झाकणाची नळी गावातून पुण्याला जाते, उन्हात, हादरे खात. सीएलएलच्या पेशी नाजूक असतात. काचेवर रक्ताचा थेंब ओढला की त्यांतल्या कित्येक फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या बोटानं पुसलेल्या शाईसारखे ठिपके दिसतात. गुम्प्रेख्ट या जर्मन डॉक्टरांचं नाव त्यांना दिलेलं आहे. आमच्या पॅथॉलॉजिस्टनी मला एकदा ते दाखवले, मग त्याच रक्तात अल्ब्युमिनचा थेंब मिसळून दुसरी काच ओढली आणि पेशी गोल, अखंड दिसल्या. मी कितीतरी वेळ आयपीसवरून डोळा काढला नाही. त्याहून नवल म्हणजे, अशा फुटलेल्या पेशी जास्त असणाऱ्यांचा आजार पुढंही दमानंच चालल्याचं अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासात दिसलं आहे. आकडा खूप मोठा असेल, तर नमुना नेताना फुटलेल्या पेशींतून पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्टमध्ये खोटंच वाढलेलं दिसतं. तेव्हा अंगाला काही होत नसताना पोटॅशियम अचानक चढलेलं दिसलं, तर जागेवरच ताजं रक्त देऊन पुन्हा तपासायला सांगा. आणि दर खेपेला लॅब एकच ठेवा.

परदेशाचं एकच, कारण अकलूजच्या एका ताईंनी विचारलं आहे. मुलगी नैरोबीला असते. पिवळ्या तापाची लस जिवंत विषाणूची आहे, ती आपल्याला चालत नाही. पण केनियाहून परतताना भारतात तिचा दाखला मागतात आणि तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. डॉक्टरांकडून सूट असल्याचा दाखला घेता येतो, पण तो असला तरी विमानतळावरचे अधिकारी काय ठरवतील याचा भरवसा धरू नये, आणि लसीविना तापाचा धोका तर उरतोच. ताई, मुलीलाच दिवाळीला इकडं बोलवा.

फोंडशिरसच्या मुलाला शेवटची गोष्ट. वडिलांची तीन महिन्यांची तपासणी वारीत येते आहे. ती निघण्याआधी उरकून घे, म्हणजे ताजे आकडे कागदावर चढतील. पंढरपूरहून आल्या आल्या रक्त देऊ नका. वाटेत सर्दी-खोकला झालेला असतो, पायांना जखमा असतात, त्यानं आकडे हलतात आणि घरात विनाकारण रडारड होते. दोन-तीन आठवडे जाऊ देत. आणि पालखी नातेपुत्यात येईल त्या संध्याकाळी त्यांना आमच्याकडं जेवायला पाठव. कागद नीट भरलाय का, ते मी स्वतः बघतो.