हिशेबनीसाचे दोन रकाने

देश म्हणजे एक मोठे दुकान, ते हिशेब जाणणाऱ्या माणसाच्या हाती द्यावे म्हणजे सारे सुरळीत होईल, असे म्हणणारे सुशिक्षित लोक आपल्याला पुष्कळ भेटतात. या म्हणण्याची पारख करायची असेल, तर पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट या देशाकडे आणि तेथील अलासान वातारा यांच्या कारकिर्दीकडे पाहावे.

वातारांचा जन्म 1942 सालचा, दिंबोक्रो गावचा. शिक्षण मात्र शेजारच्या अप्पर व्होल्टात, म्हणजे आजच्या बुर्किना फासोत झाले. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवावी; पुढे हिच्यावरून रक्त सांडले. शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जाऊन त्यांनी 1972 मध्ये अर्थशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. नंतर नाणेनिधीत मोठ्या हुद्द्यावर काम केले, आणि 1988 मध्ये ते पश्चिम आफ्रिकेतील सात देशांच्या सामाईक मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झाले.

आयव्हरी कोस्ट कोकोवर जगणारा देश. जगात सर्वांत जास्त कोको तेथेच पिकतो. मळ्यांत राबायला बुर्किना आणि मालीतून माणसे आली व पिढ्यान्‌पिढ्या राहिली. पण जागतिक बाजार कोसळला आणि 1989 मध्ये शेतकऱ्याला मिळणारा किलोमागे 400 फ्रँकचा भाव 200 वर आला. तिजोरी रिकामी झाली. 1990 च्या आरंभी सरकारने पगारकपात जाहीर करताच नोकरदार आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले. 1960 पासून राज्य करणारे वृद्ध अध्यक्ष उफुए-ब्वान्यी यांना कपात मागे घ्यावी लागली. मग त्यांनी या गव्हर्नरांना बोलावले आणि नोव्हेंबरात पंतप्रधान केले.

वातारांनी काय केले? जुन्या नोकरांच्या पगाराला हात लावला नाही. परंतु नव्याने लागणाऱ्या शिक्षकांना कमी वेतनश्रेणी दिली. वीजपुरवठा खाजगी कंपनीकडे गेला. आणि परदेशी रहिवाशाने पैसे भरून राहण्याचे ओळखपत्र काढावे, असा नियम अमलात आला. कागदावर तिन्ही गोष्टी बिनतोड होत्या. एका जागी खर्च वाचला, दुसऱ्या जागी जमा वाढली.

पण ज्याने कामगारांत काम केले आहे त्याला या हिशेबातली मेख चटकन दिसते. एकाच शाळेत, एकाच इयत्तेला शिकवणारे दोन मास्तर. एकाला एक पगार, दुसऱ्याला दुसरा. मालकाचे पैसे वाचतात, पण दोघांच्या मनांत कायमची फट पडते. ओळखपत्रानेही तेच केले. एकाच मळ्यात राबणाऱ्या दोघांपैकी कोण आपला आणि कोण परका, हे खिशातला कागद सांगू लागला. हिशेबनीसाने सोयीसाठी दोन रकाने आखले. लोकांनी त्यांची भिंत केली.

ही भिंत पहिल्यांदा आखणाऱ्याच्याच अंगावर पडली. डिसेंबर 1993 मध्ये उफुए-ब्वान्यी वारले आणि सत्ता बेदिए यांच्याकडे गेली. 1994 च्या निवडणूक कायद्याने उमेदवाराचे आईबाप दोघेही जन्माने त्या देशाचे असावेत अशी अट घातली. अस्सल भूमिपुत्र कोण, याची चर्चा माजली. 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वातारांना अध्यक्षपदाच्या निवडणुकीतून बाद केले. दोनच वर्षांनी उत्तरेकडे बंड होऊन देशाचे दोन तुकडे झाले.

2010 च्या निवडणुकीत निवडणूक आयोगाने वातारांना सुमारे 54 टक्के मतांनी विजयी ठरवले. पण लोराँ बाग्बो खुर्ची सोडीनात. हे बाग्बो प्राध्यापकांच्या संघटनेतून पुढे आलेले, आणि 1992 मध्ये वातारांच्याच सरकारने मोर्चानंतर तुरुंगात टाकलेले! आता बँकरने बँकरचे हत्यार उपसले. कोकोची निर्यात थांबवण्याचे फर्मान काढले. मध्यवर्ती बँकेने बाग्बोंच्या सहीचा अधिकार नाकारला. फेब्रुवारी 2011 मध्ये बँका धडाधड बंद झाल्या आणि गोरगरीब आपल्याच पैशांसाठी दारात ताटकळले. तरीही शेवटचा निकाल एप्रिलमध्ये बंदुकीने लावला, तोही फ्रेंच सैन्याच्या साहाय्याने. सुमारे तीन हजार माणसे मेली.

वातारांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. त्यांच्या राजवटीत रस्ते झाले, पूल झाले, परकीय कर्जाचा मोठा भाग माफ झाला. 1994 पासून 36,607 फ्रँकवर अडकलेले मासिक किमान वेतन त्यांनी 2013 च्या निर्णयाने 60,000 आणि 2023 मध्ये 75,000 केले. पण 2025 मध्ये काय घडले पाहा. विरोधी पक्षाचे उमेदवार तिजान थियाम हेही बँकरच, एका बड्या स्विस बँकेचे माजी प्रमुख. 1987 मध्ये फ्रेंच नागरिकत्व घेतल्यामुळे त्यांचे मूळ नागरिकत्व गेले, असे म्हणून न्यायालयाने मतदारयादीतून त्यांचे नाव काढले. ऑक्टोबरात वातारा सुमारे 90 टक्के मतांनी चौथ्यांदा निवडून आले. ज्या दाराबाहेर ते स्वतः इतकी वर्षे उभे होते, ते दार त्यांच्या राज्यात दुसऱ्यावर बंद झाले.

हिशेब हवाच, संघटनेची वर्गणीही हिशेबावाचून टिकत नाही. परंतु जमाखर्चाची वही किती उरले ते सांगते, आपण कोण हे सांगत नाही. तो प्रश्न ज्याने त्याने आपल्या शेजारी काम करणाऱ्याकडे पाहून सोडवायचा असतो. तो हिशेबनीसावर सोपवला, तर बेरीज बरोबर येते आणि घर मात्र दुभंगते.