खुर्ची मागवितांना

आमच्या गांवच्या पतपेढीनें नवी जागा घेतली आणि तिच्या सामानाची यादी करण्याचें काम आम्हांकडे आलें. जन्मभर शाळेचीं बांकें मोजलीं. तेव्हां हा आपल्या डाव्या हाताचा मळ, अशी आमची समजूत! आम्हीं लिहिलें, ‘हातांच्या खुर्च्या, नग १०, खणांचीं टेबलें, नग १०.’ माल आला, आणि खुर्च्यांचे हात टेबलाखालीं जाईनात. कारकून मंडळी वीतभर दूर बसून, पाठ वांकवून काम करूं लागली. पुरवठादार म्हणाला, “मास्तर, हातांची उंची तुम्हीं लिहिली कोठें होती?”

त्याचें म्हणणें खरें होतें. टेबल ७५ सेंटिमीटर उंच. फळी व खण यांनीं १२ घेतले, खालीं मोकळे राहिले ६३. खुर्चीची बैठक ४५ वर, तिच्यावर हात २१, म्हणजे ६६. तीन सेंटिमीटरांचा हा हिशेब तिसरींतल्या मुलासहि आला असता. परंतु टेबल एका ओळींत आणि खुर्ची दुसऱ्या ओळींत लिहिल्यामुळें दोहोंची गांठ कागदावर पडलीच नाहीं.

अशा फजितींत मोठेहि सुटले नाहींत. अमेरिकेंत रसीन येथें फ्रँक लॉइड राइट या विख्यात वास्तुकारानें जॉन्सन कंपनीची कचेरी बांधली. ती १९३९ सालीं उघडली. तींतील खुर्च्यांस त्यानें तीनच पाय दिले होते. दोन्ही पावलें जमिनीस न टेकतां बसणारा कलंडे! पुढें चौथा पाय द्यावा लागला.

लांकडाविषयीं नुसतें ‘उत्तम प्लायवुड’ लिहिणें व्यर्थ होय. भारतीय मानकांत ३०३ हा क्रमांक सामान्य कामाच्या प्लायवुडचा, ७१० हा पाण्यास टिकणाऱ्या मरीन प्लायवुडचा. भिंतीस ओल असेल तेथें हा अंक लिहावाच. ‘किंवा तत्सम’ हे दोन शब्द तर फारच घातकी! तत्सम कोणतें हें आपल्या लेखी संमतीनेंच ठरेल, असें पुढें न जोडल्यास तें ठरविण्याचा अधिकार पुरवठादाराकडे जातो. प्रत्येक वस्तूस एक खूण द्यावी. तीच नकाशावर, तीच बिलावर. आणि एक नमुना मागवून, टेबलाशीं लावून, त्यावर बसून पाहावें, मग सही.

आमच्या खुर्च्यांचे हात सुताराकडून चार सेंटिमीटर उतरवून घेतले. मजुरी आम्हीं देऊं केली. अध्यक्षांनीं ती घेतली नाहीं, पेढीच्या खर्चांत मांडली.