सिंह राशीचा रक्तस्राव

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात सिंह राशीची माणसं पचनमार्गातल्या रक्तस्रावामुळे इतरांपेक्षा जास्त प्रमाणात रुग्णालयात दाखल होतात आणि धनू राशीवाल्यांचं दंडाचं हाड जास्त मोडतं. टोरांटोच्या पीटर ऑस्टिन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात ही नोंद आहे. माहिती एक कोटीहून अधिक लोकांची आणि राशी पाश्चात्य पद्धतीच्या, म्हणजे नुसत्या जन्मतारखेवरून काढलेल्या.

मात्र या संशोधकांना ज्योतिष सिद्ध करायचं नव्हतं. वैद्यकीय आकडेवारीत योगायोग किती सहज शिरतो, हे त्यांना दाखवायचं होतं.

दोन गोष्टींमधलं नातं तपासताना संख्याशास्त्र आधी गृहीत धरतं, की नातं मुळीच नाही. मग सगळ्यांच्या जन्मतारखा पिशवीत घालून ढवळल्या आणि वाटेल तशा पुन्हा वाटल्या, तर? संगणक हा खेळ हजारो वेळा खेळू शकतो. प्रत्यक्षात दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक अशा वाटपात किती वेळा दिसतो, ते प्रमाण म्हणजे 'पी-मूल्य'. शंभरात पाचांहून कमी वेळा दिसला, तर नात्याला 'लक्षणीय' म्हणायचं. ही ०.०५ ची रेघ संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या पुस्तकातून रूढ केली, तीही केवळ सोयीची म्हणून. नातं खोटं असण्याची शक्यता पाच टक्के, असा तिचा अर्थ मुळीच नाही.

खरी गोम पुढे आहे. ऑस्टिन यांच्या गटाने निम्म्या लोकसंख्येत २२३ निदानं बारा राशींशी ताडून पाहिली. इतके प्रश्न विचारले, की काही 'लक्षणीय' उत्तरं नशिबानेच हाती लागतात. इथे ७२ निदानांत कुठली ना कुठली रास पुढे आली! त्यातले प्रत्येक राशीचे दोन, असे २४ संबंध उरलेल्या निम्म्या लोकांवर तपासले, तेव्हा सिंह आणि धनूचे दोनच टिकले. किती प्रश्न विचारले, याचा हिशोब धरल्यावर तेही गळाले.

याउलट १९५० साली डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांना लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६४९ पुरुष रुग्णांत धूम्रपान न करणारे फक्त दोन आढळले. तुलनेच्या तितक्याच रुग्णांत २७. पी-मूल्य ०.००००००६४. हजार प्रश्न विचारले असते, तरी हे नातं टिकलं असतं. तरीही ते तिथे थांबले नाहीत. १९५१ पासून त्यांनी ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयी आणि मृत्यू नोंदवले, तिथेही तेच दिसलं.

'अमुक खाल्ल्याने तमुक रोग टळतो' अशी बातमी वाचली, तर संशोधकांनी एकूण किती संबंध तपासले आणि निष्कर्ष दुसऱ्या लोकांवर पडताळला का, हे जरूर शोधा. तोवर चालू औषध किंवा पथ्य बदलू नका.