नगरच्या घरात चाळीस लिटर समुद्र

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्यायच्या पाण्याची मारामार, आणि आपण बोलणार समुद्रातल्या माशाबद्दल! पण म्हणूनच हा विषय इथे घ्यावासा वाटला. समुद्रकाठच्या माणसाला जे पाणी आयतं मिळतं, ते आपल्याला समजून घेऊन तयार करावं लागतं.

कोकणात चिखलावर उड्या मारणारी निवटी तुम्ही पाहिली असेल. गोबी तिच्याच गोतावळ्यातला. आपण बोलतोय तो निऑन गोबी जेमतेम ५ सेंटीमीटरचा. काळं अंग, त्यावर निळा पट्टा. पोटाखालचे दोन पर जुळून वाटीसारखी चकती झालेली असते, तिच्या आधारानं तो खडकाला चिकटून बसतो. मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी वेचून खातो.

आता पाणी. बोअरचं पाणी जड, नळाच्या पाण्यात क्लोरीन. म्हणून आरओचं पाणी घ्यायचं आणि त्यात मत्स्यालयासाठीचं समुद्री मीठ मिसळायचं. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असं बरंच काही असतं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे ४० लिटरला १,४०० ग्रॅम.

मग मासा कधी आणायचा? इथेच आपण घाई करतो. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. हे जिवाणू खडकांत आणि वाळूत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्याशिवाय मासा आणायचा नाही. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून ते तयार झालं, असं नसतं.

खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यात. पाणी २५-२६ अंशांवर राहायला हवं. पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडला की ते थंड होतं, पण वाफही जास्त होते. वाफ होते पाण्याची, मीठ मागेच राहतं. चार दिवसांत ४ लिटर उडाले, तर उरलेल्या ३६ लिटरमध्ये तेच १,४०० ग्रॅम मीठ; म्हणजे लिटरला जवळजवळ ३९ ग्रॅम! म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हवा. आणि वर जाळी हवीच. एकदा आम्ही ती उघडी ठेवली आणि सकाळी मासा टाकीमागे वाळलेला सापडला.

शेवटचं, पण महत्त्वाचं. मालवणहून जिवंत प्रवाळाचा तुकडा आणू नका. प्रवाळांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. जिवाणूंना कोरडा सच्छिद्र खडकही पुरतो. निऑन गोबीची पैदास टाकीतही होते, त्यामुळे दुकानदाराला विचारायचं, ‘हा टाकीत वाढलेला आहे का?’ घरात समुद्र उभा करताना खरा समुद्र ओरबाडला, तर आपण काय सांभाळलं?

आता तुमचे प्रश्न घेऊ.