घरात माणसे किती, हे अर्जाला कसे कळणार?

 जव्हार परिसरातल्या पाड्यांवरच्या वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर कुटुंबांसाठी मोलाचा ठरतो तो वैयक्तिक वनहक्काचा दावा. २००६ च्या कायद्याखालच्या या अर्जात दावेदार आणि जोडीदाराबरोबर घरातल्या इतरांचीही नावे वयासह लिहायची असतात. कुणाकडे तिघे, कुणाकडे अकरा.

कागदावर जागा संपली की पुरवणी जोडता येते. असाच अर्ज वेबवर आणायचा, तर रकाने किती ठेवायचे? पाच ठेवले तर सहावा माणूस बाहेर. पंधरा ठेवले तर तिघांच्या घराला बारा रिकाम्या ओळी. म्हणून ‘सदस्य जोडा’ असे बटण देतात. ते दाबले की जावास्क्रिप्ट नवी ओळ तयार करते आणि रकान्यांना नावे देते: नाव_१, वय_१, मग नाव_२, वय_२.

अशी किती नावे तयार होतील, हे प्रोग्राम लिहिताना ठाऊक नसते. त्यामुळे ‘नाव_’ला चालू क्रमांक जोडून नाव बनवायचे आणि चौकोनी कंसात देऊन रकाना मागायचा. टिंब देऊन रकाना मागितला, तर टिंबापुढचे नाव जावास्क्रिप्ट शब्दशः घेते. कंसात मात्र आधी जोडणी होते, मग शोध. सर्व्हरवर पीएचपी असेल तर रकान्यालाच ‘सदस्य[३][वय]’ असे नाव देता येते. आलेली माहिती मग माणसागणिक रचलेली मिळते.

खरी मेख चेकबॉक्समध्ये आहे. टिक न केलेला चेकबॉक्स ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. समजा, प्रत्येक ओळीत ‘दिव्यांग’ असा चेकबॉक्स आहे आणि पाच जणांच्या घरात चौथ्या ओळीतली आजी तेवढी दिव्यांग आहे. सगळ्या चेकबॉक्सना ‘दिव्यांग[]’ असे बिनआकड्याचे नाव दिले, तर सर्व्हरला नावे पाच मिळतात आणि टिक एकच. ती यादीत पहिली बसते. आजीचे अपंगत्व थेट पहिल्या ओळीतल्या माणसाच्या नावावर! ‘सदस्य[४][दिव्यांग]’ लिहिले असते, तर ते आजीकडेच राहिले असते.

ओळ पुसली तरी घोळ होतो. तिसरी ओळ काढली की उरतात १, २, ४, ५. एकपासून मोजत जाऊन पहिल्या खंडाला थांबणारा प्रोग्राम पुढच्या दोघांना गाळून टाकतो. म्हणून जाणकार क्रमांकांवर विसंबत नाहीत. जी नावे प्रत्यक्ष आली, त्यांच्यावरूनच फिरतात. शिवाय वय आणि माणसांची संख्या सर्व्हरवर पुन्हा तपासतात, कारण ब्राउझरमध्ये रकाने कुणालाही बदलता येतात.