पापण्यांआडची धावपळ

‘मनगटावरचं घड्याळ माझी आरईएम झोप कमी असल्याचं दाखवतं. ती वाढवायला रात्री काय घ्यावं?’ अशा अर्थाचे प्रश्न हल्ली वाचकांकडून वरचेवर येतात. उत्तर देईनच, पण त्याआधी ही आरईएम (रॅपिड आय मूव्हमेंट, म्हणजे डोळ्यांच्या वेगवान हालचालींची) झोप ज्याने शोधली, त्या माणसाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. झोपेच्या विज्ञानात इतका मोठा शोध दुसरा नाही आणि तो लावणाऱ्याच्या वाट्याला आली तेवढी उपेक्षाही क्वचितच कुणाच्या वाट्याला आली असेल.

त्याचं नाव यूजीन असेरिन्स्की. १९२१ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्म, वडील रशियातून आलेले दंतवैद्य. समाजकार्य, स्पॅनिश, दंतवैद्यक असं बरंच काही शिकायला घेतलं, पण पदवी एकाचीही पदरात पडली नाही. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात स्फोटकं हाताळण्याचं काम केलं. १९४९च्या सुमाराला शिकागो विद्यापीठात संशोधनासाठी दाखल झाला, तेव्हा बायको, मुलगा आणि ओढाताणीचा संसार सोबत होता. मार्गदर्शक मिळाले नॅथॅनियल क्लाइटमन. झोपेवर आयुष्य वेचणारे त्या काळचे हे जवळपास एकमेव शास्त्रज्ञ. १९३८ मध्ये केंटकीतल्या मॅमथ गुहेत, जिथे सूर्यप्रकाश पोचतच नाही, ते एका सहकाऱ्यासोबत ३२ दिवस राहिले होते. २८ तासांचा दिवस पाळून शरीराचं घड्याळ बदलता येतं का, हे त्यांना पाहायचं होतं.

अशा गुरूने असेरिन्स्कीला नेमून दिलेलं काम मात्र अगदीच नीरस होतं : झोपी जाणाऱ्या तान्ह्या बाळांच्या पापण्यांची उघडझाप पाहायची. अनेक महिने तो पाळण्याशेजारी बसून राहिला. पापण्यांच्या उघडझापीतून काही हाती लागलं नाही. पण मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं हलतात, मग काही काळ अगदी स्थिर होतात आणि पुन्हा हलू लागतात, हे त्याच्या लक्षात आलं. दुसरा कुणी असता तर ‘नेमून दिलेलं काम हे नव्हे’ म्हणून सोडून दिलं असतं. याने मोठ्या माणसांतही असं होतं का, हे पाहायचं ठरवलं.

अ‍ॅबट हॉल या इमारतीच्या तळघरात मेंदूच्या लहरी नोंदवणारं एक जुनं यंत्र पडून होतं. ते त्याने खटपट करून चालू केलं. डिसेंबर १९५१ मधल्या एका रात्री आपल्या आठ वर्षांच्या मुलाला, आर्मंडला, प्रयोगशाळेतल्या खाटेवर झोपवलं. डोळ्यांभोवती आणि डोक्यावर इलेक्ट्रोड चिकटवले आणि शेजारच्या खोलीत यंत्रापुढे बसला. कागदाची पट्टी सरकत होती, शाईच्या लेखण्या संथ नागमोडी रेषा काढत होत्या. मुलगा गाढ झोपला होता. मग अचानक डोळ्यांच्या लेखण्या जोरजोरात वरखाली होऊ लागल्या. मेंदूच्या रेषाही जाग्या माणसासारख्या दिसू लागल्या. मुलगा उठला असणार असं समजून तो खोलीत गेला. मुलगा शांत झोपलेला होता, डोळे मिटलेले.

पहिली शंका यंत्रावरच होती. ते इतक्या वेळा बिघडायचं की लेखण्यांवर विश्वास कसा ठेवायचा? मग त्याने प्रौढांना झोपवलं. लेखण्या उसळल्या की खोलीत जाऊन पापण्यांकडे स्वतः पाहायचं, हा त्याचा शिरस्ता. प्रत्येक वेळी माणूस झोपलेला आणि पापण्यांखाली बुबुळं सैरावैरा धावत असलेली. एका रात्रीत जवळपास अर्धा मैल कागद खर्ची पडायचा.

हा कागदाचा खर्च फार महत्त्वाचा आहे. मेंदूच्या लहरी माणसात नोंदवता येतात, हे हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२९ मध्येच प्रसिद्ध केलं होतं. म्हणजे साधन वीस वर्षं हाताशी होतं. पण झोप म्हणजे मेंदूचा कारभार मंदावणं, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. जिथे काही घडतच नाही तिथे रात्रभर कागद कोण घालवणार? बहुतेक संशोधक अधूनमधून काही मिनिटांची नोंद घ्यायचे आणि यंत्र बंद करायचे. दर रात्री चार-पाचदा घडणारी एवढी ठळक घटना त्या काटकसरीत निसटत राहिली. असेरिन्स्कीने ती पाहिली, कारण तो रात्रभर बसला.

पुढची पायरी साहजिक होती. डोळे धावत असताना झोपलेल्याला उठवायचं आणि विचारायचं. २७ वेळा असं उठवलं, त्यात २० वेळा लोकांनी तपशीलवार स्वप्नं सांगितली. डोळे स्थिर असताना २३ वेळा उठवलं, तेव्हा १९ वेळा काहीच आठवलं नाही. क्लाइटमन शंकेखोर होते. त्यांनी स्वतःच्या मुलीला, एस्थरला, प्रयोगाला बसवलं आणि पुरती खात्री करून घेतली. ४ सप्टेंबर १९५३च्या ‘सायन्स’मध्ये दोघांच्या नावाने जेमतेम दोन पानांचा शोधनिबंध आला. आज आरईएम झोपेविषयी जे काही वाचायला मिळतं, त्याचं मूळ त्या दोन पानांत आहे.

आणि असेरिन्स्की? त्याच वर्षी पीएच.डी. हातात पडताच त्याने शिकागो सोडलं आणि वॉशिंग्टन विद्यापीठात विजेच्या प्रवाहाचा सामन माशांवर काय परिणाम होतो, हे पाहण्याची नोकरी धरली. पुढे तो झोपेच्या संशोधनाकडे परतला, पण तोवर मैदान दुसऱ्यांनी गाजवलं होतं. प्रयोगशाळेत त्याच्या मदतीला आलेला विल्यम डिमेंट हा वैद्यकाचा विद्यार्थी. डिमेंटने हे काम नेटाने पुढे नेलं, ‘आरईएम’ हे नाव रूढ केलं. त्याचं कर्तृत्व मोठंच आहे, ते नाकारण्याचं कारण नाही. पण पाठ्यपुस्तकांत क्लाइटमन आणि डिमेंट ही जोडगोळी ठसली आणि यंत्रापुढे एकटा बसलेला माणूस तळटीपेत गेला. हा अन्याय होता, असं मला ठामपणे वाटतं. १९९८च्या जुलैत कॅलिफोर्नियात असेरिन्स्कीची मोटार झाडावर आदळली आणि तो गेला. गाडी चालवताना डुलकी लागली असावी, असा संशय व्यक्त झाला.

मेंदू जाग्या माणसाइतका धावपळीत असताना शरीर गप्प कसं राहतं, याचं उत्तर १९५९ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात मिशेल झुव्हे यांना मांजरांमध्ये सापडलं. या झोपेत मानेचे स्नायू पार सैलावतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातून स्नायूंना जाणारे हुकूमच अडवले जातात. एसटी फलाटावर लागलेली असते, इंजिन धडधडत असतं, काचा थरथरतात, गाडीभर कंप जाणवतो, पण चाक इंचभर हलत नाही. कारण गाडी गिअरमध्येच नसते. आरईएम झोप अगदी तशी. झोपलेल्या बाळाची बोटं, ओठ अधूनमधून फुरफुरताना दिसतात, ती काचांची थरथर. झुव्हे यांनी मांजरांच्या मस्तिष्कस्तंभातला नेमका तो अडवणारा भाग निकामी केला, तर मांजरं झोपेतच उठली, समोर नसलेल्या सावजावर झडप घालू लागली. या बंदीतून श्वासाचा पडदा आणि डोळ्यांचे स्नायू तेवढे सुटतात. पहाटे जाग येते पण हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, हा अनुभव पुष्कळांना येतो. त्यात बाहेरची बाधा काही नाही. मन जागं झालेलं असतं आणि स्नायूंवरची बंदी अजून उठलेली नसते, एवढंच. काही क्षणांत ती उठते.

डोळे मोकळे असतात, याचा सर्वांत सुंदर उपयोग इंग्लंडच्या हल विद्यापीठात किथ हर्न यांनी केला. काही माणसांना स्वप्न पडत असतानाच कळतं की आपण स्वप्नात आहोत. असं झालं की डोळे ठरल्याप्रमाणे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे, असं त्यांनी अ‍ॅलन वर्स्ली या स्वयंसेवकाशी ठरवलं. एप्रिल १९७५ मध्ये आरईएम झोपेच्या ऐन भरात कागदावर तो संकेत उमटला. स्वप्नातून बाहेर आलेला तो पहिला निरोप. इथेही तीच कथा. काही वर्षांनी स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच सिद्ध केलं आणि हर्न मागे पडले.

२०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळांनी उलट दिशाही जोडून दाखवली. झोपलेल्याला ‘आठ वजा सहा किती’ असं विचारलं आणि त्याने डोळे दोनदा फिरवून उत्तर दिलं. बातम्यांतून ‘स्वप्नात गप्पा मारणं शक्य’ असा गाजावाजा झाला. मूळ निबंध पाहिला तर १५८ प्रयत्नांत बरोबर उत्तरं २९ आली, बहुसंख्य वेळा काहीच प्रतिसाद नव्हता. तरीही २९ वेळा उत्तर मिळालं ही थक्क करणारी गोष्ट आहे. तिला फुगवून सांगण्याची गरजच नाही.

अशीच एक अतिशयोक्ती म्हणजे ‘आरईएम म्हणजे स्वप्न’ हे समीकरण. १९६२ मध्येच डेव्हिड फुल्क्स यांनी दाखवलं की इतर टप्प्यांतून उठवलेली माणसंही स्वप्नं सांगतात. दुसरी अतिशयोक्ती आपल्याकडची. जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती हा मांडूक्य उपनिषदातला भेद आपल्याला परिचयाचा आहे. आतून घेतलेल्या अनुभवाची ती फार बारकाईची नोंद आहे. पण ती पुढे करून ‘आमच्याकडे आरईएम आधीच माहीत होतं’ म्हणणं उपनिषदावरही अन्याय आणि असेरिन्स्कीवरही. उपनिषद अनुभवाविषयी बोलतं, असेरिन्स्कीने शरीरातली खूण शोधली. या दोहोंचा मेळ नेमका कुठे बसतो आणि कुठे बसत नाही, यावर आजही काम चालू आहे.

आता घड्याळ. आरईएम ओळखायला प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण अशा तीन गोष्टी एकत्र नोंदवतात. हनुवटी अशासाठी, की आरईएम लागताच ती सैल पडते. मनगटावरच्या घड्याळाला यातलं काहीच दिसत नाही. हाताची हालचाल आणि नाडीचे ठोके यांवरून ते अंदाज बांधतं. एकूण किती वेळ झोपलात, हे ते बऱ्यापैकी सांगतं. टप्प्यांचे आकडे मात्र ढोबळच असतात. प्रौढांत रात्रीच्या झोपेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा आरईएमचा असतो आणि त्यातला मोठा वाटा पहाटेकडे येतो. म्हणून तो वाढवायला काही खाण्याची गरज नाही. साखरझोपेत गजर लावून ती तोडू नका. रात्रीचं मद्य टाळा; ते आधीच्या तासांतली आरईएम झोप दाबतं.

दोन गोष्टींसाठी मात्र घड्याळाच्या आकड्याची वाट पाहू नका. घोरता घोरता श्वास थांबतो असं घरच्यांनी सांगितलं, किंवा उतारवयातली व्यक्ती झोपेत हातपाय झाडू, मारू, ओरडू लागली, तर डॉक्टरांकडे जा. दुसरा प्रकार म्हणजे झुव्हेंच्या मांजरांचीच अवस्था. माणसांतला हा आजार मिनेसोटातल्या शेंक आणि माहोवाल्ड या डॉक्टरांनी १९८६ मध्ये नोंदवला. हा आजार असलेल्या अनेकांना काही वर्षांनी पार्किन्सन होतो, असं पुढे आढळलं. नुसतं ‘स्वप्नात बडबडतात’ म्हणून सोडून देऊ नका, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.